काकूंची शेगडी आणि तुझा व्हिडिओ

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल रात्री वाचलं, सकाळी पुन्हा वाचलं. बाकी सगळं नंतर, आधी एकच गोष्ट: शेगडीवर काही विसरलं तर गॅस आपोआप बंद करणाऱ्या तुझ्या यंत्राचा तो व्हिडिओ टाकू नकोस. पेटंटचा अर्ज दाखल होईपर्यंत तरी नाही.

पेटंट मिळायला गोष्ट नवी असावी लागते, आणि ती तू स्वतः जगाला दाखवलीस तरी तिचं नवेपण जातं. अमेरिकेसारख्या काही देशांत एक वर्षाची सवलत मिळते, पण पुष्कळ देशांत ती नाही किंवा अगदी तुटपुंजी आहे. पहिला अर्ज एकदा दाखल केलास, की बहुतेक देशांत अर्ज करायला तुला बारा महिने मिळतात आणि तारीख पहिल्या अर्जाचीच धरली जाते. वायरमनला यंत्र दाखवलंस म्हणतोस. त्याच्याकडून गुप्ततेचा साधा करार आजच सही करून घे. नोकरीच्या करारात संशोधनाच्या मालकीबद्दल काही लिहिलंय का, तेही एकदा बघून ठेव.

‘माझ्यासारख्या कारकुनाने पेटंटच्या भानगडीत पडावं का?’ असं विचारलंयस. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन न्यूयॉर्कमध्ये परिचारिका होत्या. नोकरीच्या वेळा अशा, की त्या घरी बऱ्याचदा एकट्या असायच्या. दाराला वेगवेगळ्या उंचीवर भोकं, त्यामागे सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत पडदा आणि बसल्या जागेवरून दार उघडायचं बटण, अशी व्यवस्था त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्याने १९६६ साली मांडली. १९६९ मध्ये पेटंट मिळालं. आज दारोदारी बसणाऱ्या कॅमेऱ्यांची ती पूर्वज. काकूंनी दूध विसरलं आणि भांडं काळं पडलं, त्या दिवशी त्या घरात तू होतास. अर्ज करायला तू अगदी योग्य माणूस आहेस.

आता तुझ्या यंत्रात नवं काय, ते बघू. शेगडी चालू आहे, स्वयंपाकघरात कुणी नाही, म्हणून गॅस बंद, हे जुनं आहे. त्यावर हक्क मागितलास तर परीक्षक पहिल्याच फेरीत नाकारेल. पण पाणी आटत आलं की भांड्यातल्या उकळीचा आवाज बदलतो आणि तुझी पेटी तो आवाज ओळखते, हे वाचून मी खुर्चीत सरळ होऊन बसले. मला तरी हे कुठे दिसलेलं नाही. पण शोध घेतल्याशिवाय छातीठोकपणे सांगणार नाही. अर्जाचं वर्णन पन्नास पानांचं असलं तरी कोर्टात भांडण होतं ते दाव्यांच्या, म्हणजे आपला हक्क नेमका कशावर हे सांगणाऱ्या वाक्यांच्या, शब्दांवर. त्यामुळे आवाजाची गोष्ट पहिल्याच दाव्यात यायला हवी. आणि ही कल्पना मुळात पुतणीला सुचली असेल, तर तिचं नाव सहसंशोधक म्हणून अर्जात घालावंच लागेल. तिला नीट विचार.

आता मला ज्याची काळजी वाटते ते सांगते. हात हलवला की भोंगा गप्प बसावा, अशी सोय तू केलीयस. नेस्ट नावाच्या कंपनीच्या धूर ओळखणाऱ्या यंत्रात हीच सोय होती. आग लागल्यावर घाबरलेला माणूस हातवारे करतोच, आणि त्यामुळे भोंगा चुकून थांबू शकतो किंवा उशिरा वाजू शकतो, हे लक्षात आल्यावर २०१४ च्या एप्रिलमध्ये कंपनीने विक्री थांबवली आणि ती सोय बंद केली. तुझ्या पेटीला एक मोठं बटण दे, बोटाने दाबायचं.

दुसरं, निर्णय पेटीतच व्हायला हवा. दोन वर्षांपूर्वी बाबा न्हाणीघरात घसरून पडले. घराचं कुलूप फोनवरून उघडायचं. मी दाराबाहेर, हातात फोन, स्क्रीनवर ते चक्र नुसतं गरगरतंय. कुलूप बनवणाऱ्या कंपनीचा सर्व्हर बंद पडला होता आणि किल्ली आतल्या कपाटात. सुतार येऊन दार फोडेपर्यंत वीस मिनिटं मी बाबांना हाका मारत होते. ते बरे झाले, पण ती वीस मिनिटं माझ्या अंगातून गेलेली नाहीत. आणि सर्व्हर काही केवळ बिघाडानेच बंद होतात असं नाही. रिव्हॉल्व्ह नावाचं घरातली उपकरणं जोडणारं यंत्र २०१६ च्या मे महिन्यात मालक कंपनीने सेवा बंद करून निकामी केलं. २०२२ मध्ये सोनोस या स्पीकर कंपनीच्या पेटंटांवरून गूगलविरुद्ध निकाल लागला, तेव्हा लोकांनी आधीच विकत घेतलेल्या गूगलच्या स्पीकरांमधली सगळ्यांचा आवाज एकदम कमीजास्त करायची सोय काढून घेतली गेली. स्पीकरचं ठीक आहे, गॅसचं नाही. काकूंच्या फोनवर सूचना नेटवरून जाऊ दे, पण व्हॉल्व्ह बंद करायला नेट लागता कामा नये.

व्हॉल्व्हवरच जरा थांबते, कारण तुझ्या आकृतीत मला तिथे खरा धोका दिसतो. वीज गेली की स्प्रिंगने व्हॉल्व्ह बंद होतो, हे उत्तम. पण वीज आल्यावर तो आपोआप उघडतो असं तू दाखवलंयस. नंदू, डोळ्यांसमोर आण: शेगडीचं बटण चालूच, ज्योत विझलेली, काकू आत झोपलेल्या, आणि वीज येते. गॅस न पेटता घरभर पसरेल. एकदा बंद झालेला व्हॉल्व्ह माणसाने हाताने मूठ फिरवल्याशिवाय उघडू नये. गळती ओळखणारा सेन्सर जोडणार असशील तर गॅस कुठला ते आधी बघ. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साठतो. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका, तो छताकडे जातो.

‘पैसे नकोत, सगळ्यांना फुकट द्यायचंय’ हे तुझं वाक्य वाचून फार बरं वाटलं. पण फुकट द्यायचंय म्हणून पेटंट नको, हे मला पटत नाही. गाडीतला तीन ठिकाणी अडकणारा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये आणला. कंपनीने आधी पेटंट घेतलं आणि मग ते सगळ्या उत्पादकांना वापरू दिलं. नुसतं प्रसिद्ध केलंस तर तेवढ्याच कल्पनेवर दुसऱ्याला पेटंट मिळणार नाही, हे खरं. पण मूठ काढून टाकून, आपोआप उघडणारा स्वस्त व्हॉल्व्ह लावून कुणी ते विकलं, तर तू काहीच करू शकणार नाहीस. पेटंट तुझं असेल तर परवाना विनामूल्य दे आणि त्यात अट घाल: मूठ हवीच.

नावाचीही नोंदणी करू. मागे एका अशिलाने दोन चार्जर माझ्या टेबलावर उघडून ठेवले. बाहेरून नाव, चिन्ह, तपासणीचा शिक्का, सगळं तेच. अस्सलमध्ये मुख्य विजेचा भाग आणि फोनकडे जाणारा भाग यांच्यात पट्टी कापून मोकळी जागा ठेवलेली. नकलीत दोन्हीकडचे सोल्डरचे ठिपके एकमेकांना जवळजवळ चिकटलेले, म्हणजे मुख्य वीज फोनपर्यंत पोहोचायचा धोका. ट्रेडमार्कचं काम मी त्या दिवसापासून वेगळ्या नजरेने करते.

रविवारी येते. तोवर वहीत आकृत्या, तारखा आणि कुणाची कल्पना कुठली, ते लिहून काढ. काकूंना नमस्कार सांग. आणि मूठ बसवलीस की त्यांना ती एका हाताने फिरवता येते का, तेवढं बघून ठेव.

तुझी,
सुमा