गोटू गेला त्या आठवड्याचं पत्र

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "सात-सात वर्षं जीव लावून वाढवायचं आणि मग विकून मोकळं व्हायचं, तुला काहीच कसं वाटत नाही गं?" मी "नंतर बोलते" म्हणून फोन ठेवला. राग आला नव्हता, बाबा. मुलांसाठी शिकवून तयार केलेल्या माझ्या तट्टाला, गोटूला, न्यायला आलेली गाडी दारात उभी होती आणि ह्या प्रश्नाचं उत्तर उभ्या-उभ्या देण्यासारखं नव्हतं. आज बसून देते. रात्र तशीही जागायचीच आहे, कारण आमची घोडी टिकली आज-उद्यात व्यायची. सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब जमलेत, आणि घोड्या बहुतेक रात्रीच वितात. सगळीकडे सामसूम झाल्याशिवाय मनावरच घेत नाहीत.

तर, वाटतं. गोटू गाडीत चढला तो एकदाही मागे न बघता. फळीवर टापांचा आवाज झाला, आत जाऊन गवताच्या जाळीला तोंड लावलं, संपलं. त्या रिकाम्या थानाकडे मी दोन दिवस बघितलं नाही. पण त्याचं ते मागे न बघणं मला आवडलंही, कारण गाडीत असं निवांत चढायला त्याला मीच शिकवलं होतं. चार महिने लागले होते त्याला.

बाबा, तुम्ही अजून "तट्टूंची शाळा कशी चाललीय" असं विचारता आणि हसता. मला ते आवडतं, तसंच चालू ठेवा. पण तुमच्यातल्या हिशेबनिसाला एक गंमत सांगते. घोड्याची उंची मानेच्या बुडाशी जो उंचवटा असतो तिथे मोजतात, आणि नाल न ठोकलेलं जनावर १४८ सेंटीमीटरच्या आत असलं की स्पर्धांमध्ये ते पोनी, म्हणजे तट्टू. जुनं माप 'हँड'चं, म्हणजे ४ इंचांचं. त्यात १४.२ म्हणजे चौदा हँड आणि वर २ इंच. म्हणून १४.३ नंतर १४.४ येत नाही, थेट १५ येतात. तुम्ही असतात तर ह्या वहीवर लाल शाईने शेरा मारला असतात.

गोटू १२ हँडचा, म्हणजे साधारण १२२ सेंटीमीटर. वजन २२० किलो. आणि आमच्या धंद्यातली खरी मेख इथेच आहे. स्वार आणि खोगीर मिळून जनावराच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या वर जाऊ नये, असा सर्वसाधारण अंदाज धरतात. म्हणजे गोटूच्या पाठीवर जास्तीत जास्त ४४ किलो. मी ५८ किलोची, खोगीर ५ किलोचं. मी त्याच्यावर बसूच शकत नाही! ज्याला शिकवता येतं तो जड, आणि जो हलका तो मूल, त्याला स्वतःलाच अजून शिकायचंय. लोकांना वाटतं लहान जनावर शिकवायला सोपं. उलट मोठ्या घोड्यावर आपण बसून चूक सुधारू शकतो, इथे बरंचसं काम जमिनीवरूनच करावं लागतं.

म्हणून मी महिनोन्‌महिने गोटूच्या मागून चालले आहे. लगामाच्या दोन लांब वाद्या हातात, तो पुढे, मी मागे, नांगर हाकल्यासारखी. थांब, चल, वळ, दुडकी, परत थांब. तोंडात कडी असते पण पाठीवर कुणी नसतं. हे पक्कं झालं की आमच्याकडची लहानखुऱ्या अंगाची मुलगी वर बसते. ती तेवीस वर्षांची आहे, मांड अशी पक्की की दुगाण्या झाडल्या तरी हलत नाही, आणि खोगिरासकट बरोबर ४४ किलोंत बसते. आधी ती नीट बसते. मग, आणि हे बघायला तुम्ही एकदा यायलाच हवं, ती मुद्दाम वाईट बसते. एका बाजूला कलते, एक वादी हातातून सोडून देते, रिकिबीतून पाय सुटला म्हणून लोंबकळते, रडक्या आवाजात "थांब नाऽऽ" म्हणून ओरडते. गोटूने काय करायचं? थांबायचं. स्वार कलला की थांबायचं, एवढा एक धडा त्याने बहुतेक दोनशे वेळा गिरवला असेल.

बाकी धडे त्याहूनही रटाळ. छत्री उघडणं, छत्री मिटणं. फडफडणारा प्लास्टिकचा कागद. मागून येणारी सायकल. अंगाखालून गडगडत जाणारा चेंडू. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, आणि डावीकडून ओळखीचं झालेलं पिंप उजवीकडून दिसलं की तो पुष्कळदा पुन्हा बुजतो. सगळं दोन्ही बाजूंनी, रोज, थोडं थोडं. शेवटी एक दिवस तो छत्रीकडे बघतो आणि जांभई देतो. आई, तुला हसू येईल, पण मी विकते ती ती जांभई. उड्या मारणारी, देखणी, आयाळ उडवणारी तट्टं पुष्कळ मिळतात. ज्याला आता कशाचंच नवल उरलेलं नाही, ते मिळत नाही.

बाबांचा दुसरा मुद्दा, की पहिली तीन-चार वर्षं ते जनावर "नुसतं बसून खातं". खातं खरं. पण हाडं व्हायची असतात. पायांच्या खालच्या सांध्यांतली वाढ लवकर थांबते, मणक्यांची सगळ्यांत शेवटी, पाच-साडेपाच वर्षांच्या पुढे. दोन वर्षांचं तट्टू दिसायला पुरं झालेलं असतं, तिथेच लोक फसतात. मी चौथ्या वर्षी थोडा वेळ कुणाला तरी बसवते आणि परत सोडून देते. तोवर काम असतं ते काकूचं. काकू म्हणजे आमची सत्तावीस वर्षांची म्हातारी घोडी. आईपासून तोडलेली शिंगरं मी तिच्याबरोबर ठेवते. तिने कान मागे टाकले की ती कोपऱ्यात जातात, तिने नुसती शेपटी झटकली की दूर सरतात. दुसऱ्याच्या अंगावर जायचं नाही हे माझ्यापेक्षा तीच चांगलं शिकवते, आणि न ओरडता.

आता एक गोष्ट, जी तुम्हाला तेव्हा सांगितली नव्हती. धंद्याच्या तिसऱ्या वर्षी मी एक चार वर्षांचं तट्टू नऊ वर्षांच्या मुलीसाठी विकलं. शिकवलेलं होतं, पण सहाच महिने. तिचे आईवडील म्हणाले, "दोघं बरोबरच शिकतील, बरोबरच मोठी होतील." ऐकायला किती गोड! मला पैशांची नड होती आणि मला ते पटवून घ्यायचं होतं, म्हणून पटलं.

झालं काय, ते नीट सांगते. तट्टू शिकतं ते दाब सुटण्याच्या क्षणाला. पायाने हलका दाब दिला, त्याने पाऊल टाकलं, त्याच क्षणी दाब काढला, की त्याला कळतं, 'अच्छा, हे हवं होतं.' नऊ वर्षांची मुलगी तोल सांभाळायला वाद्या धरून बसते आणि त्याच वेळी टाचा मारत असते. म्हणजे 'थांब' आणि 'चल' एकदम, आणि काहीही केलं तरी सुटका नाही. मुरलेलं जनावर म्हणतं, चालायचंच, पोर आहे. हे तर स्वतःच कच्चं. पहिल्या महिन्यात ते गोंधळलं, दुसऱ्यात अडायला लागलं, आणि मग एके दिवशी त्याला शोध लागला की एक खांदा झटकन खाली टाकला की पाठीवरचं सगळं ओझं आणि ओरडा एकदम नाहीसा होतो. दाब सुटला! त्याच्या लेखी तो धडा उत्तम जमला. मुलीचं मनगट मोडलं.

अडेलतट्टू जन्माला येत नाही, आई. ते असं घडतं. मी त्याला परत आणलं, पैसे परत केले, आणि ती सवय मोडायला दीड वर्ष गेलं. ती मुलगी पुन्हा घोड्यावर बसली की नाही, मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

तेव्हापासून मी गिऱ्हाइकांना नाही म्हणायला शिकले. सगळ्यांत जास्त नाही म्हणावं लागतं ते 'वाढत्या मापाचं' मागणाऱ्यांना. आई, तू माझे फ्रॉक वाढत्या अंगाचे शिवायचीस, खाली चार बोटं दुमड ठेवून, आणि दरवर्षी एक टीप उसवायचीस. तसंच लोकांना तट्टू हवं असतं. मूल आत्ता सात वर्षांचं, पण जनावर बाराव्या वर्षीही पुरेल एवढं थोराड. फ्रॉक सैल झाला तर पोरगी गबाळी दिसते एवढंच. तट्टू सैल झालं तर पोराचे पाय खोगिराच्या निम्म्यातच संपतात, इशारा पोचतच नाही, आणि पडायचं तर वरून पडायचं. आजच्या मुलाला आजचं माप. मूल वाढलं की तट्टू पुढच्या मुलाकडे जाऊ द्यावं. तीन-चार वर्षांनी ते व्हायचंच असतं, आणि ही जनावरं पंचवीस-तीस वर्षं जगतात. काकूने माझ्याकडे यायच्या आधी पाच मुलं शिकवली.

बघायला येणाऱ्यांना मी सांगते, ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधीच या आणि त्याच्या अंगाला हात लावून बघा. काही विकणारे गिऱ्हाईक येण्याआधी जनावराला तासभर पळवून दमवून ठेवतात. दमलेलं तट्टू गरीबच दिसतं. काहींची मजल औषध टोचण्यापर्यंत जाते, म्हणून तर तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी रक्ताचा नमुना काढून ठेवावा असा मी स्वतःच आग्रह धरते. गोटूला मी मोकळ्या कुरणात सोडलेला ठेवायचे, तिथून म्होरकी घालून आणण्यापासून सगळं त्यांच्यासमोर. आणि खोडी सांगते. गोटूची एक आहे: तंग, म्हणजे खोगीर पोटाखालून आवळायचा पट्टा, कसताना पोट फुगवतो. चार पावलं चालवून पुन्हा कसावा लागतो, नाहीतर खोगीर फिरतं आणि स्वार पोटाखाली.

त्याला नेलेली मुलगी दहा वर्षांची. तीन वर्षं दुसऱ्यांच्या घोड्यांवर शिकलेली. तीनदा आली. पहिल्या दोनदा ठीकच वाटली, जरा गप्प. तिसऱ्यांदा फेरी संपवून उतरली, आईबापांकडे बघितलंसुद्धा नाही, आधी खोगिराची कड उचलली आणि तंग दोन भोकं सैल केला. गोटूने फुरफुर करून मान खाली टाकली. तिला ते कुणी सांगितलं नव्हतं, निदान त्या दिवशी तरी नाही. मी तिथेच ठरवलं. तिच्या बापाला वाटलं त्याने बोलून बोलून मला राजी केलं. वाटू दे.

जाताना दोन गोष्टी लिहून दिल्या. एक, विकायचं झालं तर आधी मला विचारायचं. दुसरी खाण्याची, आणि ती मी तीनदा वाचून दाखवली. तट्टांच्या ह्या जाती रुक्ष, डोंगराळ गवतावर जगत आल्यात. हिरव्यागार, गोड गवतावर मोकळं सोडलं की साखर अंगावर येते, खुराच्या आतल्या थराला सूज येते, आणि जनावर पुढचे पाय ताठ पुढे टाकून टाचांवर भार देत उभं राहतं, हलत नाही. कधीकधी वाचतही नाही. हे करणारी माणसं दुष्ट नसतात. लाडाने करतात. मुलगी लगेच म्हणाली, "म्हणजे लाड खरारा करून करायचे." मी म्हटलं, कर, तासभर कर.

तर बाबा, वाटतं ते असं वाटतं. ठेवून घेतला असता तर गोटूवर बसलं कोण असतं? मी तर त्याला जड.

आई, तू पाठवलेल्या सुती पट्ट्या फार कामाला आल्या. आत्ताच टिकलीची शेपटी एकीने बांधली, विताना मध्ये येऊ नये म्हणून. पुढच्या वेळी मात्र कडा दुमडून शिवू नकोस, नुसत्या फाडून पाठव. शिवलेली कड रुतते.

मघापासून ती दोनदा बसली आणि उठली. घाम आलाय. थांबते.

तुमची,
शेंडेफळ

ता. क. पहाटे चार वाजता झाली. वछेरी आहे, आईसारखीच कपाळावर पांढरा ठिपका. एक-दोन-तीन असा हिशेब असतो: तासाभरात उभं राहायचं, दोन तासांत प्यायचं, तीन तासांत वार पडायची. ही पन्नास मिनिटांत उभी राहिली, तीनदा तोंडावर आपटून. पहिलं दूध पोटात गेलंय, वारही पडली. सगळं वेळेत.

बाबा, नाव तुम्ही सुचवा. छोटंसं हवं. आणखी सहा-सात वर्षांनी कुणातरी पोराला कुरणाच्या टोकावरून हाक मारता येईल असं.