फ्रँकफर्टच्या प्रवासासाठी क्रेडिट कार्ड

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, सीताबर्डीच्या मॉलमध्ये कार्ड विकणाऱ्या मुलाने तुमच्याकडून अर्ज भरून घेतल्याचे परवा फोनवर कळले. सही अजून केली नसेल तर कृपया थांबा. त्या कार्डाचे वार्षिक शुल्क दहा हजार रुपये आहे आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला, तर दरवर्षी ११,८०० रुपये जातील. फ्रँकफर्टला दादाकडे तुम्ही दोन वर्षांतून एकदा जाता, हे लक्षात घेतले की हा व्यवहार मला मुळीच पटत नाही.

माइल्सचे, म्हणजे कार्डावरच्या खर्चाबद्दल मिळणाऱ्या आणि विमानाच्या तिकिटासाठी वापरता येणाऱ्या पॉइंटांचे, गणित मी मांडून पाहिले. शंभर रुपयांना दोन माइल्स मिळतात असे समजू आणि कार्डावरचा तुमचा खर्च महिन्याला पंचवीस हजार धरू. तरी वर्षभरात सहा हजारच माइल्स जमतील. त्यातही वीजबिल, विम्याचा हप्ता आणि पेट्रोल यांवर अनेक बँका पॉइंट देत नाहीत किंवा त्यांना मर्यादा घालतात, आणि आईची कॉटन मार्केटमधली खरेदी तर रोखीनेच होते. शिवाय माइल्सवर तिकीट काढले तरी कर आणि विमानकंपनीचे इतर आकार वेगळे भरावे लागतात, आणि बँकेचे पॉइंट एकदा विमानकंपनीकडे वळवले की सहसा परत घेता येत नाहीत. मात्र एअर इंडियाच्या महाराजा क्लबचे, म्हणजे नेहमीच्या प्रवाशांना पॉइंट देणाऱ्या योजनेचे, सदस्यत्व विनामूल्य आहे. ते दोघांच्याही नावाने घेऊन तिकिटावर क्रमांक नोंदवून घ्या, म्हणजे कार्ड नसले तरी प्रवासाचे पॉइंट जमतील. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या विमानकंपन्यांच्या गटात लुफ्थान्सासोबत असल्यामुळे पुढे लुफ्थान्साने गेलात तरी हाच क्रमांक चालेल.

तुम्हाला खरी गरज आहे ती लाउंजची, म्हणजे विमानतळावरच्या विश्रांतिकक्षाची. मागच्या वेळी दिल्लीला पुढच्या विमानासाठी सहा तास थांबावे लागले, तेव्हा बाबांची साखर उतरली आणि आई त्यांना बाकावर बसवून खाण्यासाठी काहीतरी शोधत फिरली. ते ऐकल्यापासून मला त्या सहा तासांचीच काळजी लागून राहिली आहे. लाउंजमध्ये वेळेवर जेवण, स्वच्छ प्रसाधनगृह आणि पाय लांब करण्यापुरती जागा मिळते. पण 'लाउंज मोफत' एवढ्या दोन शब्दांवर विसंबू नका. पुष्कळ बँका आता आधीच्या तिमाहीत ठरावीक रकमेचा खर्च झाला असेल तरच प्रवेश देतात. देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय लाउंजसाठीचे नियम निराळे असतात. आणि सोबतच्या व्यक्तीला मोफत सोडतीलच असे नाही. बाबा आत आणि आई बाहेर, असे व्हायला नको. साधारणपणे विमान सुटण्याच्या तीन तास आधीपासूनच आत घेतात, म्हणून सहा तासांपैकी निम्मा वेळ तरी बाहेर काढावा लागेल, हेही धरून चाला. व्हीलचेअरचा कार्डाशी काही संबंध नाही. ती विमानकंपनीकडे तिकीट काढतानाच मागायची असते.

म्हणून माझ्या कार्डावर तुम्हा दोघांसाठी दोन ॲड-ऑन कार्डे, म्हणजे माझ्याच खात्याला जोडलेली तुमच्या नावाची जादा कार्डे, काढावीत, असे मला वाटते. माझ्या बँकेत ॲड-ऑन कार्डधारकाला लाउंजचा स्वतंत्र प्रवेश आहे, हे मी लेखी विचारून घेतले आहे, आणि तिमाही खर्चाची अट माझ्या खर्चातून सहज पूर्ण होते. बिल माझ्याकडे येईल आणि मी ते पूर्ण भरत जाईन, कारण केवळ किमान रक्कम भरत राहिले तर वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर व्याज चढू शकते. बाबा, मुलीच्या पैशावर प्रवास नको, असे तुम्ही म्हणाल; तर प्रवासाचा खर्च नंतर माझ्या खात्यात पाठवा, मी नाही म्हणणार नाही.

परदेशात बहुतेक कार्डांवर परकीय चलनातल्या खर्चासाठी साडेतीन टक्के विनिमय आकार आणि त्यावर जीएसटी लागतो, म्हणजे लाखामागे ४,१३० रुपये. माझ्या कार्डावर तो दोन टक्के आहे. दुकानदाराने यंत्रावर रुपयांत पैसे घेऊ का, असे विचारले तर नको म्हणा आणि युरोच निवडा. रुपयांतला दर जवळजवळ नेहमीच महाग पडतो.

आई, दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचे फोटो तू मला पाठव. लाउंजच्या दारात कार्ड आणि बोर्डिंग पास दोन्ही दाखवावे लागतात, आणि बाबांच्या आडनावाचे स्पेलिंग पासपोर्टवर एक आणि पेन्शनच्या कागदावर दुसरे आहे. कार्डावर पासपोर्टचेच घालायचे आहे.

तुमची,
लेक