अध्यक्षताई, त्या आडव्या रेघेबद्दल आभार

ताई,
सप्रेम नमस्कार.

माझी बदली झाल्याचं तुम्हाला कळलंच असेल. चार्ज द्यायचा म्हणून काल कपाट उपसत होतो, तर शाळा व्यवस्थापन समितीचं २०२०-२१ चं प्रोसिडिंग हाती लागलं. सुरुवातीच्या पानांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आडवी रेघ, वर 'रद्द', आणि खाली एकच ओळ: "टाळेबंदीमुळे सभा झाली नाही." ओळ माझ्या अक्षरात आहे, पण माझी नाही. हे चारचौघांत सांगायचं राहून गेलं होतं, म्हणून हे उघड पत्र.

त्या जूनमध्ये एप्रिल आणि मेच्या सभा मी एका बैठकीत लिहून तुमच्याकडे सहीला आणल्या होत्या. विषय, ठराव, सूचक, अनुमोदक, सगळं बेतून. दर महिन्याला सभा दिसली पाहिजे आणि 'सगळेच असं करतात', हे वाक्य आमच्याकडे फार चालतं. तुम्ही ओसरीवर शेंगा निवडत होता. हात पुसलेत, वही शेवटपर्यंत वाचलीत आणि म्हणालात, "गुरुजी, अनुमोदक म्हणून ज्यांना घातलंय ते तर तेव्हा मुंबईत अडकले होते की!"

मी वही मिटायला लागलो, तर तुम्हीच थांबवलंत. पान फाडायचं नाही, रेघ मारायची. बचत गटाचं दप्तर सांभाळलेल्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला हव्यात, हे मला तोंडपाठ होतं. पण मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव, त्यामुळे वही आपलीच, असंच मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

पुढच्या सभा फोनवर घेतल्या. व्हॉट्सॲप कॉलवर तेव्हा आठच जण मावायचे, म्हणून दोन खेपा करायच्या. साधा फोन असणाऱ्यांच्या अंगणात तुम्ही मास्क लावून लांब उभ्या राहायच्या आणि त्यांचं म्हणणं मला कळवायच्या. उपस्थितीपुढे 'फोनवर' असंच लिहायचं, हा तुमचा आग्रह.

पोषण आहाराचा तांदूळ तर विसरणं शक्य नाही. शाळा बंद, म्हणून शिजवलेल्या खिचडीऐवजी कोरडा शिधा पालकांना द्यायचा होता. पाचवीपर्यंत दिवसाला १०० ग्रॅम, पुढच्या वर्गांना १५०. चौतीस दिवसांचे म्हणजे लहानाला ३ किलो ४०० ग्रॅम. गाडीवाल्याला घाई होती. मी पोती मोजून पावतीवर सही करणार, एवढ्यात तुम्ही घरून ताणकाटा घेऊन आलात. सात पोत्यांत मिळून नऊ किलो कमी भरलं. "हे अडीच पोरांचं आहे," एवढंच बोललात. पावतीवर प्रत्यक्ष वजन लिहिल्याशिवाय गाडी हलली नाही. तो माणूस पुटपुटत गेला. खरं सांगतो, मलाही तेव्हा तुमचा थोडा रागच आला होता.

दोन खोल्या विलगीकरणासाठी ग्रामपंचायतीला दिल्या, तेव्हाही बाकं, पंखे, बादल्या यांची यादी करून तुम्ही सही घेतलीत. परत घेताना चार बादल्या आणि एक पंखा कमी निघाला. यादी होती म्हणून भरपाई मागता आली. त्या महिन्यांचं लाइट बिल शाळेच्या अनुदानातून भरायला तुम्ही साफ नकार दिलात. अनुदानातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. ते साबणाला, सॅनिटायझरला ठेवा म्हणालात. २७ जानेवारी २०२१ ला पाचवी ते आठवीचे वर्ग उघडले, तेव्हा हात धुवायला नळ होते आणि साबणही होता.

खातं आपल्या दोघांच्या सहीचं. कोऱ्या चेकवर सही करून ठेवा, तुमची खेप वाचेल, असं मी दोनदा सुचवलं. दोन्ही वेळा तुम्ही नुसत्या हसलात आणि बँकेत स्वतः आलात, उन्हात, रांगेत.

लेखापरीक्षकांनी पुढे वही चाळली. रेघेच्या पानांवर क्षणभर थांबले, माझ्याकडे बघितलं आणि पान उलटलं. शेरा काही लिहिला नाही.

ताणकाटा अजून शाळेच्याच कपाटात आहे. चार्जच्या यादीत धरलेला नाही, घरचा आहे तुमचा. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आणून देतो.

आपला,
गुरुजी