दहा हजार फुटांचे गणित हिमालयात चालत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टीची आरक्षणे सुरू झाली, की मुंबईतील पर्यटन कंपन्यांच्या जाहिरातींत लेह-लडाख आणि काठमांडू हमखास झळकू लागतात. विमानाच्या खिडकीतून दिसणाऱ्या हिमशिखरांचे त्यांत कौतुक असते. मात्र त्या शिखरांवर असताना केबिनमधील हवेचा दाब गेला, तर विमान कोठे नेणार, हे प्रवाशाला कोणी सांगत नाही आणि तोही विचारत नाही.

मैदानी प्रदेशात उत्तर सोपे आहे. दाब गेला, की वैमानिक विमान झपाट्याने 10,000 फुटांपर्यंत खाली आणतो आणि तेथे मास्कविना श्वास घेता येतो. सप्टेंबर 2018 मध्ये मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात दाब राखणारी यंत्रणा सुरू करायची राहून गेली आणि अनेक प्रवाशांच्या नाकाकानांतून रक्त आले. तरी विमान मुंबईला परत उतरवता आले, कारण खाली मोकळे आकाश होते. लेहच्या मार्गावर ही सोय नाही. तेथील धावपट्टीच समुद्रसपाटीपासून सुमारे 10,700 फुटांवर आहे, म्हणजे नेहमीची सुरक्षित उंची धावपट्टीच्याही खाली येते. आणि झंस्कार भागातील नून शिखर तर 23,400 फुटांच्या वर आहे.

डोक्यावरून खाली येणाऱ्या मास्कना ऑक्सिजन पुरवणारी रासायनिक साधने बहुतेक विमानांत साधारण 12 ते 15 मिनिटेच चालतात. तेवढ्या वेळात कोणत्या बाजूला वळल्यास खाली उतरता येईल, हे मार्गाच्या प्रत्येक टप्प्यासाठी जमिनीवर असतानाच ठरलेले असावे लागते. इंजिन बंद पडल्यास हिशेब आणखी वेगळा होतो, कारण उरलेल्या एका इंजिनावर विमान आपली उंची टिकवू शकत नाही आणि हळूहळू खाली सरकताना त्याला डोंगरांपासून किमान 2,000 फूट वर राहावे लागते. कोणत्या बिंदूपर्यंत मागे फिरायचे आणि कोठून पुढे पुढेच जायचे, हे विमानाच्या वजनावर आणि त्या दिवसाच्या वाऱ्यावर व तापमानावर ठरते.

असे पर्यायी मार्ग विमान कंपन्यांकडे आखलेले असतात, याविषयी मला शंका नाही. शंका आहे ती ऐनवेळच्या अदलाबदलीची. पावसाळ्यात मुंबईचे आणि धुक्याच्या दिवसांत दिल्लीचे वेळापत्रक कोलमडले, की एका विमानाऐवजी दुसरे लावले जाते. त्या दुसऱ्या विमानातील ऑक्सिजन कमी वेळ पुरणारा असेल, तर आधी आखलेला मार्ग त्याला लागू पडत नाही.

या शहराला डोंगरांचा धाक नवा नाही. एअर इंडियाची मलबार प्रिन्सेस 3 नोव्हेंबर 1950 रोजी आणि कांचनजंगा 24 जानेवारी 1966 रोजी, दोन्ही मुंबईहून निघालेली विमाने युरोपातील आल्प्समधल्या मों ब्लां पर्वतावर आदळली. दुसऱ्या अपघातात डॉ. होमी भाभा यांच्यासह 117 जण गेले. तेथे प्रश्न दाबाचा नव्हता. पर्वत मागे पडला, असा समज होऊन कांचनजंगा खाली येत राहिले. परंतु डोंगराळ मुलखात उंची सोडणे हाच धोका असतो, आणि दाब गेल्यावर तर उंची सोडण्यावाचून गत्यंतर नसते.

म्हणून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमान बदलले गेल्यास ऑक्सिजनचा कालावधी आणि मार्ग यांचा मेळ नव्याने तपासून त्याची नोंद उड्डाणापूर्वी करणे बंधनकारक करावे, आणि सिम्युलेटरवरील सराव त्याच डोंगराळ मार्गांवर घेतला जातो की नाही, हे पाहावे. प्रवाशांसाठीही वेगळी उद्घोषणा हवी, आणि मुंबईहून सुटणाऱ्या विमानांत ती मराठीतही व्हावी. विमान खाली येऊन स्थिर झाले, तरी कर्मचारी सांगेपर्यंत मास्क काढू नये, कारण ते अजून 16-17 हजार फुटांवर असू शकते, एवढे सांगायला अर्धे मिनिटही लागत नाही.

आपला,
एक वाचक, विलेपार्ले (पूर्व), मुंबई