आईच्या ओव्या उघडून देणाऱ्या भाऊंना

प्रिय भाऊ,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. "नाव नका टाकू ताई," असं तुम्हीच म्हणालात. पण आभार मात्र चारचौघांसमोरच मानायचे होते. परवा पुण्याहून संपादकांचा फोन आला. ओव्यांची फाईल उघडली, सगळी जोडाक्षरं जागच्या जागी आहेत, पुस्तकाचं काम सुरू करतो, म्हणाले. आईला सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, "त्या पोराले सांगतलं काय?" म्हणून लगेच लिहायला बसले.

वाचणाऱ्यांना थोडं मागचं सांगते. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. आई पहाटे जात्यावर बसून ज्या ओव्या म्हणायची, तिच्या मायकडून आणि सासूकडून आलेल्या, त्या वडिलांनी वर्षानुवर्षं वहीत उतरवल्या. 2004 साली यवतमाळला टाईप करून घेतल्या आणि सीडी करून कपाटात ठेवली. पुढे वडील गेले. वहीच्या मागच्या पानांना वाळवी लागली. आई आता ऐंशीच्या घरात आहे. काही ओव्या तिला अजून मुखोद्गत आहेत, काही पार पुसल्या गेल्या. म्हणजे त्यातल्या कितीतरी ओव्या त्या एका फाईलशिवाय जगात कुठेच उरल्या नव्हत्या.

आणि ती फाईलच पुण्याला उघडत नव्हती. माझ्या भाच्याने नागपूरहून आपल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून पाठवली, तर संपादकांच्या मॅकवर विनमेल डॉट डॅट नावाची भलतीच वस्तू पोहोचली. दुसऱ्या मेलवरून पाठवली, तर फाईल उघडली, पण आत ओव्या नाहीत, नुसता रोमन अक्षरांचा आणि कंसांचा चिखल.

त्यानंतर ज्यांच्या ज्यांच्याकडे गेले, त्यांची नावं घेत नाही, पण त्यांचे शब्द विसरता येत नाहीत. एकाने फाईलवर एक नजर टाकली आणि "करप्ट आहे, नव्याने टाईप करून घ्या" म्हणून पानाचा दर सांगितला. कशावरून टाईप करायचं, हे विचारलंही नाही. दुसऱ्याला नवा कॉम्प्युटर विकायचा होता. तिसऱ्याने दोन पानं करून दिली खरी, पण आईच्या ओवीतलं 'माह्या' काढून 'माझ्या' केलं, 'मले'चं 'मला' केलं आणि वर "अशुद्ध होतं, दुरुस्त केलं" असं मलाच ऐकवलं. ती पानं मी आईला वाचून दाखवलीच नाहीत. मला राग आला तो काम न जमण्याचा नाही. सगळ्यांना सगळं कुठून जमणार? पण समोर काय आणलंय, हे विचारण्याइतकी फुरसत एकालाही नसावी, याचा आजही राग येतो.

तुम्ही आधी तेच विचारलंत. "यात काय आहे, ताई? कोणाचं आहे?" मग म्हणालात, "फाईल शाबूत आहे. भिऊ नका." दारव्ह्याच्या एस.टी. स्टँडमागच्या त्या लहानशा दुकानात, झेरॉक्सच्या घरघराटात, हे वाक्य ऐकून मला किती बळ आलं, ते तुम्हाला कळलं नसेल.

तुम्ही काय काय केलंत ते सगळं मला सांगता येणार नाही. पण तुम्ही समजावून दिलंत तेवढं मात्र लक्षात राहिलं. आउटलुकमधून रिच टेक्स्ट पद्धतीने मेल गेला की जोडलेल्या फाईलचं कधीकधी विनमेल डॉट डॅट असं एक गाठोडं होतं, आणि दुसऱ्या मेल प्रोग्रामला त्याची गाठ सुटत नाही. फाईल आत असतेच. अक्षरांचं दुखणं वेगळं. युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी अक्षर तेच दिसावं म्हणून ठरवलेली सगळ्यांची एकच पद्धत, 1991 सालीच आलं, पण आपल्याकडचे टायपिंगवाले पुढे कितीतरी वर्षं कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी या जुन्या फॉन्टांतच काम करत राहिले. कृतिदेवमध्ये आपल्याला 'क' दिसतो, पण आत साठवलेलं असतं इंग्रजी छोटं 'डी'. ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही, तो बिचारा 'डी'च दाखवणार. म्हणजे चूक संपादकांची नव्हती, भाच्याची नव्हती आणि वीस वर्षांपूर्वी टाईप करणाऱ्याचीही नव्हती. इतके दिवस जो तो माझ्याच पदरात दोष टाकत होता. कोणाचाच दोष नाही, हे पहिल्यांदा तुम्ही सांगितलंत.

युनिकोडमध्ये बदलल्यावरही काम संपलं नव्हतं. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टात अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं याच्या उलट. त्यामुळे बदलताना वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या होत्या, आणि 'वाऱ्या', 'दुसऱ्या' यांतला 'ऱ्या' तर जागोजागी फुटला होता. ओळन् ओळ पाहावी लागणार होती. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, घरी नेऊन तुम्हीच तपासा.

तुम्ही म्हणालात, "आजींना घेऊन येता काय?"

आई आली. मे महिना, वर तापलेले टिन. तुम्ही आपली खुर्ची तिला दिलीत, स्वतः स्टुलावर बसलात, आणि मॉनिटर उचलून तिच्याकडे तोंड करून ठेवला. भाऊ, त्या क्षणासाठी हे सगळं पत्र आहे. माझी आई चौथी शिकलेली. बँकेत, तहसीलमध्ये, दवाखान्यात, प्रत्येक ठिकाणी तिने स्क्रीनची पाठच पाहिली आहे. तिच्याबद्दलचं सगळं त्या पलीकडच्या बाजूला लिहिलं जातं आणि तिला फक्त "इथे अंगठा द्या" एवढंच सांगितलं जातं. सही करता येते, तरी. तुम्ही अक्षरं मोठी केलीत आणि म्हणालात, "आजी, तुम्ही म्हना. मी बोट ठेवत जातो. कुठं चुकलं तर थांबवा."

आणि ती म्हणायला लागली. आधी चाचरत, मग चालीवर. तुमचं बोट तिच्या मागोमाग ओळीवरून सरकत होतं. फुटलेलं अक्षर आलं की तुम्ही थांबायचात, दुरुस्त करायचात, ती तीच ओळ पुन्हा म्हणायची. एका ठिकाणी तुम्ही विचारलंत, "आजी, हे 'माह्या'च ना?" ती म्हणाली, "हाओ बापू. माह्या मायच्या तोंडचं हाय, तसंच राहू दे." तुम्ही मान डोलावलीत आणि तसंच ठेवलंत. मधे लाईन गेली, तर इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर टिकावा म्हणून तुम्ही आपला पंखा बंद केलात. घाम पुसत बसलात, पण तिला घाई केली नाहीत. आणि ज्या ओव्या ती विसरली होती, त्या स्क्रीनवर वाचता वाचता तिला आठवत गेल्या. एक संपल्यावर ती माझ्याकडे वळून म्हणाली, "हे तुह्या बापानं कवा लिहून घेतलं व?"

तुमच्या दुकानात मी इतरांनाही पाहिलं. ई-पीक पाहणीचा फोटो चढत नाही म्हणून आलेला म्हातारा शेतकरी, महाडीबीटीच्या अर्जासाठी आलेली पोरगी, पीएम किसानच्या केवायसीत बोटाचे ठसे उमटत नाहीत म्हणून कंटाळलेली बाई. कापूस वेचून झिजलेली बोटं ती, कशी उमटणार? प्रत्येकाला तुम्ही आधी "बसा" म्हणत होतात. सगळा कारभार या यंत्रांवर गेला तेव्हा गावातल्या माणसाला ते शिकवायला कोणी आलं नाही. तालुक्याच्या ठिकाणी तुमच्यासारखी पोरं आपल्या दुकानात बसून ते काम करत आहेत, माणूस कावला तरी आवाज न चढवता. त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही, म्हणून ती इथे करते आहे.

पुण्याला तुम्ही दोन फायली पाठवल्यात: एक युनिकोडची, आणि एक पीडीएफ, ज्यात फॉन्ट आतच बसवलेला आहे, म्हणजे संपादकांना मूळ अक्षर कसं हवं ते शेजारी ठेवून पाहता येईल. त्यांनी मुद्दाम सांगायला सांगितलं की त्या पीडीएफमुळे त्यांचं फार काम वाचलं. वहीच्या स्कॅनचं मात्र अजून बाकी आहे. मेलला 25 एमबीची मर्यादा असली तरी जाताना फाईल एक तृतीयांशाने फुगते, हे तुम्ही सांगितलं होतं, म्हणून भाच्याला पानं थोडी थोडी करून पाठवायला सांगितलं आहे. अडलं तर तुमच्याकडेच येऊ.

आणि भाऊ, त्या दिवशी तुम्ही फक्त प्रिंटचे पैसे घेतलेत. येत्या बाजाराच्या दिवशी आई आणि मी येतो आहोत. तिला आणखी काही ओव्या आठवल्या आहेत, त्या फाईलमध्येही नाहीत. त्या टाईप करून द्या, आणि या वेळी पूर्ण मजुरी घ्या. नाही घेतलीत तर आई म्हणायला बसणार नाही, असं तिने मला सांगून ठेवलं आहे.

तुमची,
ओव्यांच्या आजीची मुलगी