वायफायचा गोंगाट नागपूरचाच टाका ना

संपादक साहेब, नमस्कार,

इंजिनिअरिंगच्या फायनल इयरच्या पोट्ट्यांचे वायरलेसचे प्रोजेक्ट दरवर्षी बघतो आणि दरवर्षी तेच खटकतं म्हणून लिहितोय. सिम्युलेटर, म्हणजे नेटवर्क कॉम्प्युटरवरच नकली चालवून बघायचं सॉफ्टवेअर, एनएस-थ्री असो की लिनक्सवरचं नेटएम, इंटरफिअरन्स (बाहेरच्या लहरींची लुडबुड, आपल्या भाषेत गोंगाट) म्हणजे काय तर रँडम पाच टक्के पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, पाडून द्यायचे, ग्राफ गुळगुळीत येतो, एक्स्टर्नल परीक्षक पण खूश. अहो पण आपल्या फ्लॅट स्कीममधलं वायफाय असं सगळा वेळ सारखं, थोडं थोडं मरतं का कधी?

साधा मायक्रोवेव्ह घ्या. तो वायफायच्याच २.४ गिगाहर्ट्झजवळ चालतो, आणि साधा ट्रान्सफॉर्मरवाला ओव्हन विजेच्या अर्ध्याच सायकलमधे लहरी सोडतो, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झवर साधारण १० मिलिसेकंद गोंगाट, १० मिलिसेकंद शांत, परत गोंगाट. त्या शांत फटीत पॅकेट बसलं तर पोचलं. आता १५०० बाइटचं पॅकेट १ एमबीपीएसने पाठवायलाच १२ मिलिसेकंद लागतात, ते काही बसत नाही बाप्पा. वरून पॅकेट हरवले की बरेच राउटर समजतात सिग्नल वीक आहे आणि स्पीड अजून खाली आणतात, मग तेच पॅकेट हवेत जास्त वेळ राहतं आणि हमखास मार खातं. हा तमाशा रँडम पाच टक्क्यांत दिसणार कुठून? आणि नेटवरून उचललेला कोड अमेरिकेतला असला तर तिथली वीज ६० हर्ट्झची, फट ८ मिलिसेकंदांची, पोरांना पत्ताच नसतो.

शेजारच्या राउटरचंही तसंच. एकाच चॅनलवर असले तर ते एकमेकांचं ऐकून पाळीपाळीने बोलतात, त्यात स्पीड वाटला जातो पण गोंगाट होत नाही. खरा त्रास १, ६, ११ हे एकमेकांवर न चढणारे चॅनल सोडून मधेच ३ किंवा ४ वर बसलेल्याचा, त्याचं बोलणं समजतही नाही आणि मधे लुडबुडही करतं. सिम्युलेशनमधे मात्र दोघांनाही एकाच मापाने नॉइज म्हणून टाकतात. मे महिन्यात खिडकीला लागणारा पत्र्याचा कूलर तर कोणाच्याच मॉडेलमधे नसतो, पत्रा सिग्नल अडवतो आणि ओली खस त्यातला काही शोषून घेते.

माझं म्हणणं एवढंच की कॉलेजांनी मिळून इतवारी, सीताबर्डी, होस्टेल अशा ठिकाणचा नुसता सिग्नलचा जोर वेळेसकट रेकॉर्ड करून ठेवावा, कोणाचा डेटा नाही, फक्त जोर, आणि पोरांनी तोच सिम्युलेटरमधे वाजवावा. खर्च फार नाही. फक्त कोणी शॉर्टकट म्हणून ऑनलाइन जॅमर मागवू नये, परवानगीशिवाय तो वापरणं बेकायदा आहे. आणि एक्स्टर्नल लोकांनी व्हायवात एकदा तरी विचारावं, की बाबा तुझा हा गोंगाट आला कुठून?

— एक इलेक्ट्रॉनिक्सचा मास्तर, प्रतापनगर, नागपूर