माझ्या वर्गात नागपूर करार कुणी वाचलेलाच नाही

महोदय,

नंदनवन भागातल्या एका शाळेत मी 14 वर्षांपासून इतिहास शिकवते. 28 सप्टेंबरला शहरात विदर्भवादी संघटना नागपूर कराराची, म्हणजे विदर्भाने मराठी राज्यात सामील व्हावे म्हणून नेत्यांनी केलेल्या कराराची, होळी करतात. त्याच सुमारास मी नववीच्या वर्गात 'वेगळा विदर्भ हवा की नको' ही चर्चा घेते. पूर्वी मुले सिंचन, नोकऱ्या, आजोबांच्या आठवणी असे बरेच काही घेऊन यायची. तासाच्या शेवटी बाजू बदलणारीही असायची.

यंदा एका मुलाने घरच्या व्हॉट्सॲपवरचा मजकूर वहीत लाल शाईने उतरवून आणला: 'पंचवीस वर्षांत विकास झाला नाही तर विदर्भ आपोआप वेगळा होईल, असे करारातच लिहिले आहे.' लगेच मागच्या बाकावरून दुसरा उठला. त्याच्या मेसेजमध्ये होते, 'असा करार झालाच नव्हता.' दोन्ही खोटे. करार 1953 सालचा आहे, कलमे 11 आहेत आणि आपोआप वेगळे होण्याचे त्यात एकही नाही. हे सांगितले तेव्हा पहिला मुलगा म्हणाला, "मॅडम, माह्या बाबांनी पाठवलं. ते खोटं कायले बोलतीन?"

तिथे मी अडले. मजकूर खोटा म्हटला की पोराला वाटते, बापालाच खोटारडा म्हटले. पुढे आठवडाभर तो वर्गात बोलला नाही, याचे मला फार वाईट वाटते.

करारात काय नाही, हे सांगण्यातच तास संपला. भांडावे असे तर खऱ्या करारातच भरपूर आहे! वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात व्हावे, असे त्यात आहे. मग 2020 आणि 2021 ची हिवाळी अधिवेशने मुंबईत झाली, ते योग्य होते का? 1955 मध्ये राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, ती का मानली गेली नाही? विदर्भाचे मागासलेपण दूर करण्यासाठीच्या विदर्भ विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली, त्याने आपले काय नुकसान झाले? हा शेवटचा प्रश्न एका मुलीने स्वतः काढून आणला होता. घंटा झाली तेव्हा तिचा हात वरच होता.

आपल्याला विनंती आहे. हिवाळी अधिवेशन सुरू होईल त्या दिवशी कराराची अकराही कलमे टिप्पणीशिवाय, जशीच्या तशी छापा. मॅडमनी सांगितलेले घरी चालत नाही, पेपरात आलेले वडीलही वाचतात. त्या दिवशीचे 46 अंक मी विकत घेईन, पटावरच्या प्रत्येक मुलासाठी एक. आणि तास त्या मुलीच्या प्रश्नापासून सुरू करीन.

— एक शिक्षिका, नंदनवन, नागपूर